शेजारच्या बाकावरची ओळख

धाराशिव तालुक्यातील तेर हे तेरणाकाठचे गाव आज संत गोरोबाकाकांच्या नावाने ओळखले जाते. दोन हजार वर्षांपूर्वी ते कापडाची पेठ म्हणून प्रसिद्ध होते आणि त्याचे नाव होते तगर. इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात समुद्री व्यापाराची एक मार्गदर्शिका लिहिली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. भडोचच्या दक्षिणेस २० दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस १० दिवसांवर तगर, असा हिशेब त्याने दिला आहे. तगरचे साधे सुती कापड आणि मलमलीचे प्रकार गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जात, असेही तो नमूद करतो.

भडोचहून निघालेली गलबते अरबी समुद्र ओलांडून तांबड्या समुद्रात शिरत आणि इजिप्तच्या बेरेनिके किंवा मायोस होर्मोस या बंदरांना लागत. तेथून पुन्हा खुश्कीचा मार्ग सुरू होई. बेरेनिकेपासून नाईलकाठच्या कोप्टोसपर्यंत उंटांचा तांडा १२ दिवस वाळवंटातून चाले. उन्हाच्या काहिलीमुळे वाटचाल बहुतेक रात्रीची आणि मुक्काम दिवसाचा, तोही पाण्याच्या ठाण्यावर, असे रोमन लेखक प्लिनी सांगतो. कोप्टोसला माल नावेत चढे आणि नाईलच्या प्रवाहाबरोबर अलेक्झांड्रियास पोहोचे.

इसवी सनापूर्वी ३३१ मध्ये वसलेले हे आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील नगर त्या काळी जगातील सर्वांत मोठ्या बाजारपेठांपैकी एक होते. रुंद राजरस्ते, उंच दीपस्तंभ, नाना देशांच्या लोकांची वर्दळ. भाषा परकी, अन्न परके, देव परके. अशा ठिकाणी नवख्या व्यापाऱ्याने विश्वास ठेवावा तरी कशावर?

पहिला आधार लेखी व्यवहाराचा होता. केरळच्या मुझिरिस बंदराशी होणाऱ्या व्यापारासाठी दिलेल्या कर्जाचा दुसऱ्या शतकातील एक करारनामा पपायरसवर लिहिलेला सापडला असून तो आज व्हिएन्ना येथे जतन केलेला आहे. त्यातील अटी कोणत्याही पेढीवरील जाणत्या माणसास ओळखीच्या वाटतील. माल विश्वासू उंटवाल्याच्या हवाली करावा, सोबत पहारा असावा, कोप्टोसच्या सरकारी वखारीत तो धनकोच्या मोहोरेखाली ठेवावा, पुढे अलेक्झांड्रियातही मोहोर त्याचीच राहावी आणि कर्ज न फिटल्यास तारण धनकोने ताब्यात घ्यावे. आयात मालावर चौथा हिस्सा जकात होती. प्रत्येक टप्प्याचा जबाबदार माणूस ठरलेला असला की अनोळखी मुलूखही थोडा सोयीचा होतो.

परंतु सोय म्हणजे आपुलकी नव्हे. आपुलकीचा पुरावा निराळ्याच ठिकाणी मिळतो. ग्रीक वक्ता दिओ क्रिसोस्तोम याने अलेक्झांड्रियाच्या नागरिकांसमोर केलेले एक भाषण उपलब्ध आहे. गाण्याबजावण्याच्या आणि घोड्यांच्या शर्यतींच्या वेडापायी तो त्यांना खडे बोल सुनावतो. ते ऐकवताना तो सांगतो की, या नाट्यगृहात ग्रीक आणि इटालियनच नव्हेत, तर इथिओपी, अरब, इराणी आणि काही हिंदी माणसेही तुमच्या शेजारी बसून खेळ पाहत असतात. वक्त्याने हे सहज जाता जाता सांगितले आहे. पण वखार, मोहोर आणि जकात यांचे काम संपल्यावर ती हिंदी माणसे बिऱ्हाडी परतली नाहीत. गावकऱ्यांच्या रांगेत जाऊन बसली. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. तरी परके नगर त्यांना थोडे आपले वाटू लागले असावे, असे मानावयास ही एक जागा पुरेशी आहे.

आफ्रिकेशी आपल्या समाजाचा संबंध अलीकडचाही आहे. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे झाली. तिच्या आगेमागे जामनगर परिसरातील ओसवाल कुटुंबे पूर्व आफ्रिकेत स्थिरावली. मोंबासा आणि नैरोबी येथे त्यांनी जिनालये उभारली. स्वाहिली भाषेत दुकानाला आजही ‘दुका’ म्हणतात. १९७२ मध्ये युगांडाच्या इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडण्यास फर्मावले. त्या अन्यायाचा दोष बेघर झालेल्यांकडे मुळीच जात नाही. आपुलकी हा काही विमा नव्हे. सत्तेच्या लहरीपुढे ती हतबल ठरू शकते. मात्र एवढ्यावरून ती निरर्थक ठरत नाही. ज्या गावात आयुष्य काढायचे, तेथे केवळ गल्ल्यापुरते राहणे हा गावाचाही तोटा आणि आपलाही.

आज घरातील मुले नैरोबी, कंपाला किंवा दार-ए-सलाम येथे व्यवसायासाठी निघतात, तेव्हा वडीलधारी मंडळी कागदपत्रे, उधारीची मर्यादा आणि शुद्ध आहाराची सोय यांची चौकशी करतात. ती अवश्य करावी. त्यासोबत आणखी एक विचारावे : सुट्टीच्या दिवशी, काहीही विकायचे नसताना, तू तेथे कोणाच्या शेजारी बसतोस?