'नाही'चा बाण कुणी काढायचा?

मंडळी, थोडं लांब लिहितोय, पण हंगामाच्या आधी वाचून घ्या.

ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झाली. आपलं पीक आपणच सातबाऱ्यावर नोंदवायचं, हा विचार चांगलाच आहे. पण दर हंगामात तक्रारी त्याच. ओटीपी येत नाही, लोकेशन चुकीचं दाखवतं, फोटो अपलोड होत नाही, सर्व्हर डाऊन. आणि उत्तरही ठरलेलं : "शेतकऱ्यांना मोबाईल वापरता येत नाही."

राजेहो, हे साफ खोटं आहे. जो माणूस फोनपेवर पैसे पाठवतो, यूट्यूब पाहून सोयाबीनची फवारणी ठरवतो, त्याला मोबाईल येत नाही?

खोट आहे ती अॅप बनण्याच्या आधीची. वापरणारा कोण, कुठे उभा आहे, एका स्क्रीनवरून दुसऱ्या स्क्रीनवर कसा जाईल, हे आधी आखून घ्यावं लागतं. त्यालाच यूएक्स डॉक्युमेंट म्हणतात. त्यात चौकोन म्हणजे पायरी आणि शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट म्हणजे प्रश्न. प्रत्येक शंकरपाळ्यातून दोन बाण निघालेच पाहिजेत, 'होय' आणि 'नाही'.

ओटीपी आला? होय, तर पुढे. नाही, तर काय? जमीन आईच्या नावावर, मोबाईल मुलाचा आणि मुलगा पुण्याला. मग काय? घरात गोरमाटी बोलणाऱ्या तांड्यावरच्या आजीला 'सिंचनाचे साधन' कोण समजावणार? मुंबईत बसून आखणाऱ्याला 'होय'चा बाण लगेच सुचतो. 'नाही'चा बाण मानोऱ्यातल्या धुऱ्यावर उभं राहिल्याशिवाय दिसत नाही.

२०२२ च्या नव्या आवृत्तीत ४८ तासांत स्वतः दुरुस्ती करायची सोय आली. म्हणजे बाण काढता येतो! मग तो पहिल्याच दिवशी का नव्हता?

आता कुणी म्हणेल, हे इंजिनिअरचं काम, तुम्ही बातम्या लिहा. तर ऐका. ड्रॉ डॉट आयओ फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं. लिब्रेऑफिस ड्रॉ पण फुकट, त्याला इंटरनेटही लागत नाही. चौकटीत मराठी टाईप होतं. बारावीच्या पोराला बाण जोडणं दोन दिवसांत येतं. अवघड आहे ते चार शेतकऱ्यांना विचारून प्रत्येक 'नाही' शोधणं, आणि ते आपल्या पोरांइतकं कुणालाच जमणार नाही.

म्हणून मागणी दोनच. एक, आयटीआय आणि कॉलेजात एमएस-सीआयटीच्या सर्टिफिकेटवर न थांबता हे शिकवा. दोन, शेतकऱ्यांसाठीचं कोणतंही अॅप सुरू करण्याआधी त्याचा आराखडा मराठीत ग्रामसभेपुढे ठेवा. रस्त्याचं अंदाजपत्रक मागता येतं, तर हे का नाही?

पाहणी राहिली की सातबारा कोरा राहतो, आणि विम्यापासून हमीभावाच्या खरेदीपर्यंत अडतं. नुकसान आपलं, तर आराखड्यात आपलं बोट का नको?

तुम्ही कोणत्या स्क्रीनवर अडकलात, ते खाली गावाच्या नावासकट लिहा. पहिले पन्नास 'नाही' आपणच गोळा करू आणि तहसीलला देऊ.