पेला आणि घागर

मद्यप्राशनासाठी कायद्याने आजही परवाना लागणाऱ्या या राज्यात एखाद्या दैनिकाने बिअरच्या भावावर पहिल्या पानावर अग्रलेख लिहावा, याचे आमच्या काही वाचकांना नवल वाटेल. काहींना कदाचित विषादही वाटेल. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी त्या पेयाला कधी ओठही लावला नसेल, आणि त्यांनी तो लावावा अशी आमची शिफारसही नाही. परंतु हवामानातील बदलामुळे बिअर दुर्मिळ व महाग होण्याचा संभव आहे, या वार्तेत जो प्रश्न दडलेला आहे तो पिणाऱ्यांपुरता मर्यादित नाही. म्हणूनच ती थट्टेवारी नेणे आम्हांला उचित वाटत नाही.

बिअर मुख्यतः सातूपासून, म्हणजे बाजारात ज्याला बार्ली म्हणतात त्या धान्यापासून होते. तीव्र अवर्षण आणि तीव्र उष्मा ही दोन्ही संकटे एकाच वर्षी कोसळली तर सातूचे काय होईल, याचा हिशेब चीन, ब्रिटन व अमेरिका येथील संशोधकांनी 2018 साली ‘नेचर प्लान्ट्स’ या नियतकालिकात मांडला. संकटाच्या तीव्रतेप्रमाणे जगातील सातूचे उत्पन्न 3 ते 17 टक्क्यांनी घटेल. अत्यंत वाईट वर्षी बिअरचा खप 16 टक्क्यांनी उतरेल आणि तिची किंमत सरासरीने दुप्पट होईल, असा त्यांचा अंदाज आहे. त्याहूनही मननीय गोष्ट पुढेच आहे. जगातील सातूपैकी सुमारे एक षष्ठांश तेवढा बिअरकडे जातो. मोठा वाटा गुरांच्या तोंडी पडतो. टंचाई आली की धान्य प्रथम गोठ्याकडे वळते, आणि बिअरच्या वाट्याची घट पिकाच्या घटीपेक्षाही मोठी होते. बाजाराला नीती नसते असे आपण म्हणतो. परंतु गरज आणि चैन यांचा क्रम टंचाईत बाजारालाही लावावा लागतो.

बिअरला तिचा कडवट स्वाद देणाऱ्या हॉप्स नावाच्या वेलाची कथाही वेगळी नाही. चेक देशातील झातेत्स परिसरात हा वेल शतकानुशतके लावला जातो, आणि 2023 साली युनेस्कोने त्या भूप्रदेशाला जागतिक वारशाचा मान दिला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मात्र असे दाखविले की, जर्मनी, चेक प्रजासत्ताक व स्लोव्हेनिया येथील सुगंधी हॉप्सचे उत्पन्न 2050 पर्यंत 4 ते 18 टक्क्यांनी, आणि त्यांतील कडवटपणा देणारी आम्ले 20 ते 31 टक्क्यांनी कमी होण्याचा संभव आहे. यावर तेथील शेतकऱ्यांपुढे जे उपाय आहेत ते आपल्या शेतकऱ्याला परके वाटू नयेत: ओलसर दरीत जमीन शोधणे आणि पिकाला पाणी देणे. म्हणजे हा प्रश्न अखेर पाण्यापाशी येऊन ठेपतो. आणि पाण्यापाशी आला की तो आपल्या दाराशीच येतो.

2016 च्या उन्हाळ्याचे स्मरण वाचकांना असेल. जायकवाडीचा उपयुक्त साठा संपला होता. लातूरची तहान भागविण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागत होते. त्याच मराठवाड्यात, आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींत, बिअरचे कारखाने चालू होते. अखेर उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने मद्यउद्योगांच्या पाण्यात प्रथम 50 व नंतर 60 टक्के कपात करण्याचा आदेश दिला. त्या एका दुष्काळाचे सारे खापर हवामानबदलावर फोडणे शास्त्राला धरून होणार नाही. पण तापत्या जगात अशी वर्षे अधिक दाहक होणार, याविषयी शास्त्रज्ञांत दुमत नाही.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट सांगितली पाहिजे. बिअरच्या कारखान्यांचे पाणी तोडल्याने जायकवाडी भरत नाही. ऊस जितके पाणी पितो त्याच्या तुलनेने कारखान्यांचे पाणी अल्पच आहे. शिवाय त्या कारखान्यांत राबणारे हात आपल्याच माणसांचे आहेत. तेव्हा मद्यविरोधाच्या उत्साहात एका उद्योगाला बळीचा बकरा करण्याचा आमचा हेतू नाही. आमची तक्रार निराळी आहे. पिण्याचे पाणी प्रथम, हा क्रम राज्याच्या जलनीतीत लिहिलेलाच होता. 2003 च्या नीतीत उद्योगाला शेतीच्या वर बसविले होते, ती चूकही 2011 साली दुरुस्त झाली. कागद शुद्ध होता. परंतु त्याची अंमलबजावणी करविण्यासाठी नागरिकांना न्यायालयाची पायरी चढावी लागली, आणि तीही उन्हाळा ऐन भरात असताना.

धरणांतील साठ्याचा हिशेब दरवर्षी 15 ऑक्टोबरला होतो. साठा किती उतरला म्हणजे कोणाच्या पाण्यात किती कपात होईल, हे त्याच दिवशी शासनाने जाहीर करावे, अशी आमची मागणी आहे. त्यात कारखान्यांबरोबर उसाचाही स्पष्ट उल्लेख असावा. कारखानदाराला सहा महिने आधी कळले तर तो उत्पादन आटोपते घेईल, सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरील; शेतकऱ्याला कळले तर तो पीक बदलील. आयत्या वेळच्या हुकमाने मात्र दोघेही नाडले जातात, आणि घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या पदरी काहीच पडत नाही.

पेला महागला तर तो खाली ठेवता येतो. घागरीचे तसे नाही. पेल्याच्या भावातून जी सूचना आज मिळते आहे ती ऐकण्याइतके शहाणपण राज्यकर्त्यांनी वेळीच दाखवावे. कारण सूचना देणारा उन्हाळा दरवर्षी येतो, पण तो दरवर्षी सवड देईलच असे नाही.