खतावणी भाड्याच्या घरात

३१ जुलै २०२४ रोजी देशातल्या सुमारे तीनशे लहान बँकांच्या खातेदारांवर एक विचित्र प्रसंग आला. बँक बुडाली नव्हती, कर्मचारी संपावर नव्हते, तिजोरीत रोकडही होती. तरीसुद्धा एटीएममधून पैसे निघेनात आणि मोबाईलवरून कोणाला पाठवता येईनात. या बँका एका राज्यातल्या नव्हत्या की एका मालकाच्या नव्हत्या. काही सहकारी, काही प्रादेशिक ग्रामीण. त्यांना जोडणारा धागा एकच होता. त्या सगळ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या एकाच कंपनीच्या यंत्रणेवर चालत होत्या. टीसीएस आणि स्टेट बँक यांनी मिळून काढलेली ही कंपनी लहान बँकांना संगणकीय सेवा पुरवते. तिच्या यंत्रणेत खंडणी मागणारा घातक प्रोग्राम शिरला. संसर्ग पुढे पसरू नये म्हणून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने तिची जोडणी तोडली आणि तपासणी करून दुसऱ्या दिवशी पुन्हा जोडली. देशाच्या एकूण उलाढालीत या बँकांचा वाटा अगदी किरकोळ, त्यामुळे ती बातमी लवकरच मागे पडली.

सोलापूरकरांना बँकेचे दार बंद होणे म्हणजे काय हे ठाऊक आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथल्या लक्ष्मी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने रद्द केला. तिथे कारण जुने आणि ओळखीचे होते. भांडवल उरले नव्हते, उत्पन्नाची आशा नव्हती. ताळेबंद वाचता येणाऱ्या माणसाला असे दुखणे आधी कळू शकते. सी-एजच्या प्रकरणातले दुखणे मात्र ताळेबंदात कुठेच दिसत नाही. एखादी बँक नफ्यात आहे, थकबाकी आटोक्यात आहे, लेखापरीक्षणात ‘अ’ वर्ग आहे, आणि तरीही शेकडो मैलांवरच्या एका इमारतीत काही बिघडले म्हणून तिचा खातेदार दवाखान्याच्या काउंटरवर पैशांविना उभा राहू शकतो. हे नव्या प्रकारचे परावलंबन आहे आणि ते आपल्या घरापर्यंत कसे आले हे समजून घेण्यासारखे आहे.

बँकेची खरी मालमत्ता कोणती असे विचारले तर लोक तिजोरीकडे बोट दाखवतील. आम्ही बँकवाले खतावणीकडे दाखवू. तिजोरीतली रोकड एकूण ठेवींच्या मानाने मूठभरच असते. कोणाचे किती देणे आणि कोणाकडून किती येणे, हे जिथे लिहिले आहे ती खतावणी म्हणजे बँक. म्हणून जाडजूड लेजरे संध्याकाळी मोजून आत ठेवली जात. स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या, दोन वेगळ्या माणसांकडे. एकट्या मॅनेजरलाही ती उघडता येऊ नये अशी व्यवस्था आमच्या आधीच्या पिढ्यांनी करून ठेवली होती. माणसावर अविश्वास म्हणून ती नव्हती. विश्वास ठेवायला सोपे जावे म्हणून होती.

१९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला आणि शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रे येऊ लागली. कर्मचारी संघटनांचा विरोध मोठा होता. १९९३ च्या करारानंतर तो ओसरला आणि संगणकाला बँकेत खोली मिळाली. खोली अक्षरशः. साहेबांच्या केबिनला पंखा असे, पण संगणकाच्या खोलीला वातानुकूलन, आणि आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. देवघराइतका मान होता. त्या काळातला व्यवहार सरळ होता. सॉफ्टवेअर कंपनीला एकदा किंमत मोजायची, दरवर्षी देखभालीचे पैसे द्यायचे आणि खतावणी आपल्याच शाखेतल्या सर्व्हरवर. पुढे कोअर बँकिंग आले, सगळ्या शाखांची खाती एका ठिकाणी गेली. पण ते ठिकाणही बहुधा बँकेचेच असायचे, मुख्य कार्यालयातले.

तिथून ती बाहेर कशी पडली? या प्रवासाला दोन टप्पे आहेत आणि दोघांची नावे भीतिदायक आहेत. पहिल्याचे नाव व्हर्च्युअलायझेशन. आपल्या जुन्या वाड्यांकडे पाहिले की ते चटकन कळते. एका कुटुंबासाठी बांधलेला प्रशस्त वाडा. माणसे पांगली, खोल्या रिकाम्या राहिल्या. मग मालकाने मध्ये फळ्या ठोकून आठ बिऱ्हाडे ठेवली. छप्पर एक, जिना एक, पण प्रत्येकाचे दार वेगळे आणि कुलूप वेगळे. मोठ्या सर्व्हरचेही असेच असते. एका कामासाठी घेतलेला सर्व्हर दिवसाचा बराच वेळ जवळजवळ रिकामाच असतो. तेव्हा एका यंत्रात अनेक स्वतंत्र ‘यंत्रे’ भासवायची आणि प्रत्येकाला वाटावे की घर आपलेच. अमेरिकेतल्या व्हीएमवेअर या १९९८ साली सुरू झालेल्या कंपनीने हे तंत्र घरोघरी नेले, म्हणजे कंपनीकंपनीत नेले.

दुसरा टप्पा क्लाऊडचा. असे वाडे एकापुढे एक बांधून आख्खी पेठ उभी करायची आणि खोल्या महिन्याच्याच काय, तासाच्या भाड्यानेही द्यायच्या. शब्दाचा अर्थ ढग असला तरी हा ढग आभाळात नसतो. आपल्याकडचा मोठा भाग नवी मुंबईच्या परिसरात सिमेंट-काँक्रीटच्या इमारतींत आहे, डिझेल जनरेटर आणि गार हवेच्या अवाढव्य यंत्रांसकट. तरी शब्दाचा परिणाम होतोच. एका बँकेच्या संचालकांना मी सहज विचारले होते, तुमची खाती सध्या असतात कुठे? त्यांनी हसून वर बोट केले. ज्या जिल्ह्यात ढग नुसते येऊन जातात, तिथल्या माणसाने तरी त्या शब्दावर इतका भरवसा टाकू नये!

सॉफ्टवेअर विकणाऱ्या बड्या कंपन्यांना हा धंदा सुरुवातीला रुचला नव्हता. ओरॅकलचे लॅरी एलिसन यांनी २००८ मध्ये क्लाऊड या शब्दाचीच जाहीर टर उडवली होती. आज त्याच ओरॅकलची क्लाऊड केंद्रे जगभर आहेत, मुंबईतही आहेत. मतपरिवर्तनाचे कारण कोणत्याही घरमालकाला कळेल. सॉफ्टवेअर विकले की पैसे एकदाच. पुढची आवृत्ती गिऱ्हाईक घेईलच असे नाही, जुन्यावर दहा वर्षे काढेल. भाड्याने दिले की पैसे दर महिन्याला, कायमचे. गावोगावी इंजिनिअर पाठवायला नको, एका जागी दुरुस्ती केली की सगळ्यांची झाली. आणि दरमहा ठरलेले उत्पन्न असणारी कंपनी शेअर बाजारालाही आवडते.

त्यामुळे आता विकत घ्यायचे म्हटले तरी ते सोपे राहिलेले नाही. मोठ्या कारखान्यांचे हिशेब ज्यावर चालतात त्या जर्मन एसएपी कंपनीने आपल्या जुन्या आवृत्तीची नेहमीची देखभाल २०२७ अखेरपर्यंतच ठेवली आणि गिऱ्हाइकांना क्लाऊडकडे वळवायला सुरुवात केली. व्हीएमवेअर नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवाने विकणे बंद केले. यापुढे फक्त वर्गणी. युरोपातल्या क्लाऊड कंपन्यांच्या संघटनेने वाढलेल्या दरांबद्दल तक्रारी केल्या. तेही गमतीचेच, कारण या संघटनेतले लोक स्वतः घरमालक. भाडे वाढल्यावर ते कसे लागते हे त्यांनाही कळले.

पण नाण्याची ही एकच बाजू सांगितली तर अन्याय होईल. देशात दीड हजाराच्या आसपास नागरी सहकारी बँका आहेत आणि त्यातल्या जवळपास तिसरा हिस्सा एकट्या महाराष्ट्रात. यातल्या चार-पाच शाखांच्या बँकेला स्वतःचे डेटा सेंटर, दुसऱ्या शहरात त्याची राखीव प्रत आणि रात्रपाळीला जागे राहणारे तज्ज्ञ परवडणारच नव्हते. रिझर्व्ह बँकेनेच २०१६ मध्ये योजना आणली, की आपल्याच गोतावळ्यातल्या ‘इफ्टास’ या संस्थेमार्फत लहान बँकांनी कोअर बँकिंग घ्यावे, सुरुवातीचा चार लाखांचा खर्च रिझर्व्ह बँक देईल, पुढचा आवर्ती खर्च बँकेने सोसावा. भाड्याच्या जागेमुळेच तालुक्याच्या गावातल्या बँकेचा खातेदार आज पुण्यात शिकणाऱ्या मुलीला क्षणात पैसे पाठवू शकतो. स्वतःच्या शाखेतला जुना सर्व्हर फार सुरक्षित होता असेही नाही. उंदराने वायर कुरतडली की काउंटर बंद. तेव्हा पुन्हा लेजरांकडे चला म्हणणाऱ्यांतला मी नाही. ३१ मार्चच्या रात्री काही पैशांची तफावत शोधत पहाट करणे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांच्यातले कोणी तसे म्हणणार नाही.

माझे म्हणणे भाडेचिठ्ठीबद्दल आहे. दोन खोल्या घेताना आपण पाणी कधी येते, अनामत परत कधी मिळणार, सोडताना किती दिवसांची नोटीस, हे दहा वेळा विचारतो. हजारो खातेदारांची खतावणी हलवताना हेच प्रश्न किती संचालक मंडळांत विचारले जातात?

त्यातला पहिला प्रश्न मालक रुसला तर काय हा आहे. जुलै २०२५ मध्ये गुजरातेतल्या वाडीनारच्या नायरा एनर्जीवर ही वेळ आली. देशाच्या तेलशुद्धीकरण क्षमतेत या कंपनीचा वाटा सुमारे आठ टक्के. तिच्यात रशियन भागीदारी असल्याने युरोपीय संघाने निर्बंध लादले, आणि मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. परवान्यांचे पैसे पूर्ण भरलेले होते, माहिती आपलीच होती, तरी ती आपल्याला उघडता येईना, असे कंपनीचे म्हणणे होते. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि मग सेवा पूर्ववत झाली. नायराकडे मोठे वकील होते. आपल्या एखाद्या पतसंस्थेकडे काय असेल?

दुसरा प्रश्न सामाईक भिंतीचा. सी-एजच्या घटनेच्या बाराच दिवस आधी, १९ जुलै २०२४ ला, क्राऊडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष दुरुस्तीमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक कोलमडले आणि आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. एका जागी दुरुस्ती केली की सगळ्यांची झाली, या सोयीची ही दुसरी बाजू. चूकही सगळ्यांची होते. जुन्या काळी एका शाखेला आग लागली तर एकाच शाखेची लेजरे जळत.

नियम नाहीत असे नाही. संगणकीय कामे बाहेर देण्याबद्दल रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ मध्ये सविस्तर निर्देश काढले, ते त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून लागू झाले. काम बाहेर दिले तरी जबाबदारी बँकेचीच, पुरवठादाराची तपासणी करण्याचा हक्क करारात हवा, बाहेर पडण्याची वाट आधीच ठरलेली हवी, हे सारे त्यात आहे. मात्र नागरी सहकारी बँकांच्या चार स्तरांपैकी खालचे दोन त्यातून वगळलेले आहेत. ढोबळमानाने हजार कोटींपर्यंत ठेवी असलेल्या बँका. सायबर सुरक्षेचे वेगळे नियम त्यांना आहेत, आणि लहान बँकांवर कागदांचा बोजा नको हा हेतूही समजतो. पण परिणाम असा झाला की ज्यांना भाड्याने राहण्यावाचून पर्याय नाही आणि घासाघीस करण्याची ताकदही नाही, त्यांनाच भाडेचिठ्ठीच्या या नियमाचे संरक्षण नाही. मला हे उफराटे वाटते. मोठी बँक नियम नसता तरी वकील लावून करार वाचतेच.

डिसेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने वित्तीय क्षेत्रासाठी स्वतःच्या देखरेखीखाली क्लाऊड उभारण्याची घोषणा केली. म्हणजे सरकारी वसाहतीसारखे काहीतरी. दिशा योग्य आहे. मात्र मालक बदलला तरी भाडेकरूने विचारायचे प्रश्न बदलत नाहीत.

आणि हा विषय आता शहरातल्या बँकांपुरता राहिलेला नाही. जून २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांचे, म्हणजे आपल्या गावोगावच्या विकास सोसायट्यांचे, संगणकीकरण मंजूर केले. खर्च २,५१६ कोटी रुपये. नाबार्डमार्फत देशभर एकच सामाईक सॉफ्टवेअर, तेही क्लाऊडवर. सोसायटीचे दप्तर म्हणजे काय हे ज्याने पाहिले आहे त्याला या निर्णयाचे मोल कळेल. कोणाच्या नावावर किती पीककर्ज, कोणाचा भरणा चढवला, कोणाचा राहिला, यावरून गावात पिढ्यान् पिढ्या भांडणे झाली आहेत आणि अनेकदा दप्तरच सापडेनासे झाले आहे. सचिवाच्या घरातल्या फडताळातून ते बाहेर पडत असेल तर चांगलेच आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीवाल्याला आणि सांगोल्याच्या डाळिंबवाल्याला आपली बाकी छापील कागदावर मिळेल.

फक्त गावात वीज आणि नेट एकाच वेळी असले पाहिजे. नसले तर त्या दिवशी भरणा कशावर लिहायचा आणि नंतर तो चढवला की नाही हे कोणी तपासायचे, हे सोसायटीने आत्ताच ठरवायला हवे. प्रकल्पाचा निधी संपल्यावर महिन्याचा खर्च कोणाच्या माथी, हेही. सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्याव्या लागतात. लाभांश किती आणि भेटवस्तू कोणती, यावर तिथे उत्साहाने चर्चा होते. यंदा एखाद्या सभासदाने अहवालाचे पान उलटून संगणक खर्चाच्या ओळीवर बोट ठेवावे आणि विचारावे, की अध्यक्षमहाराज, आपल्या खतावणीची कालपर्यंतची एक प्रत आपल्या स्वतःच्या ताब्यात आहे का, आणि ती त्या कंपनीच्या मदतीशिवाय उघडून पाहण्याचा प्रयत्न शेवटचा कधी केला होता?