तळ्याकाठचं शहर आणि बोडीतला प्लॉट

गेल्या सप्टेंबरच्या शेवटी कंपनीने मला दोन आठवडे झ्युरिकला धाडलं. काम काही मिरवण्यासारखं नव्हतं. क्लायंटची एक म्हातारी सिस्टीम आहे, तिचा मूळ कोड लिहिणारे लोक केव्हाच रिटायर झालेत आणि ती अधूनमधून रात्री तीनला मान टाकते. ती का मान टाकते ते शोधायचं. म्हणजे आपलं नेहमीचंच. फरक एवढाच की टपरीवरच्या कटिंगऐवजी कॉफी, आणि ती कॉफी पाचशे रुपयांची.

पहिल्या शनिवारी ट्राम पकडून तळ्यावर गेलो. सकाळी धुकं इतकं की तळं कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळेना. अकराच्या सुमारास धुकं विरलं आणि लांबवर बर्फाचे डोंगर दिसायला लागले. काठावरच्या झाडांची पानं नुकती पिवळी पडू लागली होती. एका गाडीवर भाजलेले चेस्टनट विकायला होते. लोक बाकांवर उन्हाला बसले होते, काही चक्क पाण्यात होते. सोमवारी तर आमच्या टीममधला एक जण बारा वाजता टॉवेल खांद्यावर टाकून निघाला. म्हटलं कुठे? तर म्हणाला, पोहायला. आपण जेवणाच्या सुट्टीत पान खायला जातो तसा हा तळ्यात डुंबून आला, केस ओले ठेवूनच एक वाजताच्या मीटिंगला बसला.

याच तळ्याचं पाणी शुद्ध करून शहर पितं. झ्युरिकच्या नळाच्या पाण्यापैकी सुमारे 70 टक्के पाणी तळ्यातून येतं. शहरात 1200 हून जास्त कारंजी आहेत, बाटली धरायची आणि प्यायचं.

अर्थात मी फोटो काढले आणि फॅमिली ग्रुपवर टाकले. लगेच प्रतिक्रिया आल्या. काका: "देवाने सगळं त्यांनाच दिलंय." आत्या: "तिथली माणसंच वेगळी, आपल्या लोकांना नाही जमायचं." मावसभाऊ: "सिमरन भेटली का?" बाबांनी मात्र एकच ओळ लिहिली: "आपल्याकडे याच दिवसांत तलावाचं पाणी सोडतात."

आज लिहायचंय ते या चार प्रतिक्रियांबद्दल. तिसरी सोडून देऊ.

पहिल्या दोन्ही प्रतिक्रिया साफ चुकीच्या आहेत, हे मला तिथेच कळलं. टीममध्ये साठी ओलांडलेला एक झ्युरिककर होता. तो म्हणाला, मी लहान असताना आई आम्हाला नदीत उतरू द्यायची नाही, घाण असायची. मला वाटलं, गंमत करतोय. पण नंतर वाचलं तर खरंच तसं होतं. 1867 साली झ्युरिकमध्ये कॉलऱ्याची मोठी साथ आली होती. त्यानंतर शहराची गटारव्यवस्था नव्याने बांधली गेली आणि ते काम अर्नोल्ड बुर्कली नावाच्या शहर अभियंत्याने केलं. आज फिरायला जातो तो काठावरचा लांब रस्ताही त्याच्याच देखरेखीखाली 1881 ते 1887 च्या दरम्यान झाला. आणि गंमत म्हणजे तो तळ्यात भर घालूनच झाला! म्हणजे भर त्यांनीही घातली. पण त्या भरावावर प्लॉट पाडून विकण्याऐवजी सगळ्या गावाला फिरायला जागा केली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुढची कथा आपल्यासारखीच आहे. 1953 साली मतदान घेऊन त्यांनी पाण्याच्या संरक्षणाचं कलम घटनेत घातलं. कलम आलं म्हणून पाणी काही स्वच्छ झालं नाही. 1963 मध्ये झरमाटला, म्हणजे आपले लोक मॅटरहॉर्न बघायला जातात त्या गावाला, टायफॉइडची साथ आली आणि माणसं दगावली. 1971 मध्ये कडक कायदा आला, सांडपाणी शुद्ध करणारे प्रकल्प गावोगाव झाले. 1986 मध्ये कपड्यांच्या साबणातल्या फॉस्फेटवर बंदी आली, कारण फॉस्फेटने शेवाळ माजतं, ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात. ल्युसर्नजवळच्या झेम्पाख तळ्यात 1984 साली असे मासे मेले होते, आणि त्यात मोठा वाटा आजूबाजूच्या शेतांतून वाहून येणाऱ्या शेणखताचा होता. शेवटी तळ्याच्या तळाशी नळ्या टाकून ऑक्सिजन सोडायची वेळ आली. तळं आयसीयूत!

म्हणजे देवाने दिलं होतं ते त्यांनी आधी व्यवस्थित घाण केलं आणि मग शे-सव्वाशे वर्षं खपून, पैसे ओतून, एकमेकांशी भांडून निस्तरलं. माणसं वेगळी वगैरे काही नाहीत. सांडपाण्याचं बिल भरणारी माणसं आहेत.

आता बाबांची ओळ. त्यासाठी तुम्हाला आमच्याकडे यावं लागेल.

मी जवाहरनगरचा. नागपूरहून भंडाऱ्याला जाताना लागणारी आयुध निर्माणीची वसाहत. जानेवारी 2025 मधल्या त्या दुर्दैवी स्फोटानंतर देशाला हे नाव कळलं, त्याआधी मी "भंडाऱ्याजवळ" एवढंच सांगायचो. पुण्यातले मित्र विचारतात, तुमच्याकडे बघण्यासारखं काय आहे रे? मीही इतकी वर्षं "ऊन" असं उत्तर द्यायचो.

खरं उत्तर आहे: तलाव. भंडारा हा तलावांचा जिल्हा. 1999 मध्ये गोंदिया वेगळा झाला, पण दोन्हीकडे गाव तिथे तलाव आणि तलावाखाली धान. पूर्व विदर्भात मिळून असे सहा हजारांहून जास्त तलाव आहेत. यातला जवळजवळ एकही तलाव देवाने दिलेला नाही. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी उतार पाहून, मातीच्या पाळी घालून ते बांधले. जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखालची जमीन, असा रिवाज होता असं सांगतात. म्हणजे रोमँटिक काही नाही, सरळ इन्सेंटिव्ह.

आणि हे तलाव कशासाठी? पाऊस आमच्याकडे बक्कळ पडतो, पण धानाला तो वेळेवर लागतो. सप्टेंबरच्या शेवटी धान निसवायच्या बेतात असतं आणि नेमका तेव्हाच पाऊस दडी मारतो. ते शेवटचं एक पाणी मिळालं तर पीक, नाही तर तणस. झ्युरिकला लोक उन्हाला बसलेले असतात त्याच आठवड्यात आमच्याकडे तलावाची मोरी उघडायची की थांबायचं यावर गावात बैठका होतात. तळ्याकाठचं आमचं शरद ऋतूचं दृश्य हे.

मालगुजारी 1951 मध्ये संपली. चांगलंच झालं, मालगुजाराची दादागिरी आणि वेठबिगार परत कोणाला हवीय? पण तलाव सरकारजमा झाले. मोठे सिंचन खात्याकडे, लहान जिल्हा परिषदेकडे, आणि सगळ्यांचं नाव पडलं "माजी मालगुजारी तलाव", लाडाने मामा तलाव. आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टीमची मालकी दुसऱ्या टीमकडे गेली, पण रोज लॉग बघणारा माणूस कोणीच उरला नाही. पाळ कोण दुरुस्त करणार, गाळ कोण काढणार, पाणी कोण वाटणार? तलाव लगेच काही कोसळले नाहीत. म्हाताऱ्या सिस्टीम लगेच कोसळत नाहीत, हाच तर त्यांचा घोळ असतो. हळूहळू गाळ भरला, बेशरम माजली, काठ शेतात गेले.

आत्यांचं "आपल्या लोकांना नाही जमायचं" इथे आणखी एकदा चुकतं. आमच्याच भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ही संस्था ढिवर समाजाच्या मासेमारांबरोबर काम करते. या लोकांनी उन्हाळ्यात तलावातली बेशरम उपटली, तळ नांगरला, तिथे देशी पाणवनस्पती लावल्या आणि मासे परत आले. कुठली वनस्पती कुठल्या माशाला लागते हे ज्ञान ढिवरांकडे होतंच, त्यांना कोणी विचारत नव्हतं एवढंच. स्वित्झर्लंडएवढे पैसे नसतानाही हे झालं. उलटही होतंच: नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून वैनगंगेत, गोसेखुर्दच्या जलाशयात येतं. ते आणणारी माणसंही आपलीच.

आता माझी कबुली.

झ्युरिकला जायच्या आधी मी एक प्लॉट बुक केला होता. हायवेच्या जवळ, पंधराशे स्क्वेअर फूट, गुगल मॅपवर पाहून, व्हिडिओ कॉलवर बोलून, 51 हजार टोकन देऊन. बाबांना सरप्राईज! रिटायर झालेत, क्वार्टर सोडलं, आता भाड्याच्या घरात राहतात. तलावाची ती ओळ आल्यावर त्यांना फोन केला आणि बोलता बोलता लोकेशन पाठवून दिलं. बाबा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "अरे, तिथं तं बोडी होती. शिंगाडे खाले जात होतो आम्ही."

बोडी म्हणजे लहान तलाव. पाळ फोडून, मुरूम टाकून तिचं लेआऊट झालं होतं. मी तळ्याच्या काठावर बाकावर बसून, हातात चेस्टनटचा पुडा घेऊन हे ऐकत होतो. समोर भरावावर बांधलेला रस्ता, ज्यावर सगळं गाव फिरतंय. आणि माझा भराव, ज्यावर मी कंपाउंड घालणार होतो.

आपल्या पिढीला हे न कळण्याचं कारण नाही. बंगळुरूत मॅजेस्टिकचा बसस्टँड धर्मांबुधी तलावाच्या जागेवर उभा आहे. सप्टेंबर 2022 मध्ये तिथले आयटीवाले ट्रॅक्टरवर बसून ऑफिसला गेले, त्याचे व्हिडिओ आपण हसत हसत फॉरवर्ड केले. पाणी उतार विसरत नाही. आणि ईएमआय भरणारे आपण, तेव्हा प्रश्नही आपणच विचारायला हवेत. बिल्डर आणि पुढारी यांना शिव्या घालणं सोपं आहे, मीही घालतो. पण बोडीतला प्लॉट विकला जातो कारण झ्युरिकचे फोटो टाकणारा माझ्यासारखा कोणी तरी तो विकत घेतो.

करायचं काय? मोठं काही नाही. प्लॉट घेण्याआधी सातबाऱ्याबरोबर जुना गावनकाशा पाहा. विदर्भात असाल तर तलाठ्याकडे निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज मागा, गावाचे पाण्यावरचे आणि सामाईक जागांवरचे हक्क त्यात लिहिलेले असतात. जागा एकदा भर पावसात बघून या. आणि आपल्या गावचा तलाव कोणाच्या ताब्यात आहे, गाळ शेवटचा कधी काढला, एवढं तरी ग्रामसभेत विचारा. ऑफिसात आपण दर आठवड्याला "याचा ओनर कोण?" असं विचारतोच की.

मी बुकिंग रद्द केलं. टोकन अजून परत आलेलं नाही, येईल असं वाटतही नाही. बाबा म्हणतात, आपण जुनं बांधलेलं घर बघू.

तुमच्या प्लॉटच्या जागी आधी काय होतं ते विचारलंत का? घरात एखादे बाबा असतील तर त्यांना आजच विचारा. ते फुकट सांगतात. मला ती माहिती 51 हजारांना पडली.