डबक्याचे पाणी

गुन्हा माझ्या हातून घडला, तेव्हा कबुलीही मीच दिली पाहिजे. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला आमचा नातू शिरोळच्या मळ्यात, उसाच्या बांधालगतच्या डबक्यातून बेडकाची शेपटीवाली पिल्ले बरणीत घालून घेऊन आला. बरणी लोणच्याची. सौभाग्यवतींनी कपाळाला हात लावला. पण नातवापुढे आमच्या घरी कोणाचे चालते?

पाणी गढूळ, शेवाळलेले. मला ते पाहवेना. रात्री सारे निजल्यावर मी ते ओतले आणि नळाचे स्वच्छ पाणी भरले. सकाळी पिल्ले पोटे वर करून तरंगत होती.

‘‘आबा, घाणीत जगली, मग चांगल्या पाण्यात कशी मेली?’’ पोराचे डोळे भरले. मला उत्तर सुचेना.

कोल्हापुरात प्राणिशास्त्र शिकवणारा भाचा रविवारी आला, त्याने उलगडा केला. नळाच्या पाण्यातले क्लोरीन आपल्याला सोसते, पिल्लांच्या कल्ल्यांना सोसत नाही. मग नातवाची समजूत काढायला त्याने केरळातल्या एका बेडकाची हकिगत सांगितली.

तिकडे सह्याद्रीच्या पायथ्याला रानजायफळाची दलदलीतली राने आहेत. झाडांची मुळे श्वासासाठी चिखलातून गुडघ्यांसारखी वर आलेली. हा बेडूक एरवी उंच झाडांवर राहतो. वळीव पडू लागला की खाली उतरतो. मादी चिखलात खळगा करून अंडी घालते. पुढे मोठा पाऊस आला, पाणी चढले, की पिल्ले त्यात पोहू लागतात. आपली धूळवाफेची पेरणीच म्हणा ना! पाऊस लांबला तर बियाणे गेले.

२०१३ साली शास्त्रज्ञांनी त्याचे नाव ठेवले ‘मर्क्युराना’. फ्रेडी मर्क्युरी या गायकावरून. हा गायक लहानपणी आपल्या पाचगणीला शिकत होता, हे ऐकून सौभाग्यवतींनाही बेडकाविषयी थोडी आपुलकी वाटली.

हा बेडूक केरळचा. पण रानजायफळाची तसली दलदल सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्ड्यालाही आहे. गावकऱ्यांनी देवराई म्हणून राखलेली. २०२१ साली सरकारने तिला जैवविविधता वारसा स्थळ ठरवले. क्षेत्र २.५९ हेक्टर, म्हणजे साडेसहा एकरांच्या आत. एवढ्या तुकड्यासाठी आमच्याकडे तीन सख्खे भाऊ कोर्टात उभे राहतात! शिवाय शिरोळात जमिनीत पाणी साचले, वर मीठ फुटले, की शेतकरी डोके धरून बसतो. दलदल जपायची असते, हे मी प्रथमच ऐकले.

यंदा आषाढात नातवाने मला डबक्यापाशी नेले आणि तीन हात लांब उभे केले. पिल्लांना मागचे पाय फुटले होते.

‘‘आबा, तिथूनच बघा हं.’’

मी छत्री धरून तिथूनच पाहिले. बरणी घरी फडताळात आहे. तीत लोणचे मात्र अजून कोणी घातलेले नाही.