खोळ आधी लोडाला, मग मॅटला

२१ जूनचा योगदिन आपल्याकडे मृग सरता सरता येतो. संयुक्त राष्ट्रांनी ११ डिसेंबर २०१४ रोजी ही तारीख मुक्रर केली ती उत्तर गोलार्धातला सर्वांत मोठा दिवस म्हणून. पुण्या-पिंपरीच्या पावसाशी तिचा संबंध नव्हता. पण दिघी, भोसरी, चऱ्होली, मोशी या पट्ट्यात त्यामुळे एक अडचण दरवर्षी ठरलेली असते. ज्या आठवड्यात उत्साहाने नव्या मॅट घेतल्या जातात, नेमक्या त्याच आठवड्यात हवा ओली होते. आधी घामाने भिजलेली मॅट दुचाकीवरून आणताना पावसाने भिजते, आणि घरी आल्यावर गुंडाळून दाराआड उभी राहते. गणपती येईपर्यंत तिला कुबट वास धरतो. मग वर्गात कोणीतरी म्हणतेच, ‘खोळ घेऊन टाका.’

ही सूचना साधी वाटते, आणि म्हणूनच तिचा नीट विचार होत नाही. सोसायटीचे क्लब हाउस असो की उद्यानातला सकाळचा वर्ग, सगळ्यांसाठी एकगठ्ठा खोळी मागवाव्यात का, त्यावर मंडळाचे नाव छापावे का, वर्गणी किती काढावी, इथेच चर्चा अडकते. खोळ नेमकी कशाला हवी, हे बाजूलाच राहते. वास्तविक इथे तीन वेगळ्या वस्तूंचा प्रश्न आहे. गुंडाळलेली मॅट न्यायची पिशवी ही एक. पसरलेल्या मॅटवर घालायचे कापड ही दुसरी. आणि लोड, उशा, घड्या घातलेली ब्लँकेटे या सामाईक सामानाचे अभ्रे ही तिसरी. तिन्हींची गरज सारखी नाही. आमच्या मते आज पहिलीवर नको तितका खर्च होतो आणि तिसरीकडे कोणाचेच लक्ष नाही.

खोळीला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे आधी ऐकले पाहिजे, कारण ते पोकळ नाही. योगाला सामान लागत नाही, असे ते म्हणतात. दिघीहून आळंदी हाकेच्या अंतरावर. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात अभ्यासाच्या जागेचे आणि आसनाचे सविस्तर वर्णन आहे. त्यात कोवळा दर्भ आहे, मृगाजिन आहे, धुतलेल्या वस्त्राची घडी आहे. बस्स. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केले आणि आसनांचा प्रयोगशाळेत अभ्यास आरंभला, तेव्हा आजची रबरी-प्लास्टिकची मॅट जगात कुठेच नव्हती. ती आली विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. अँजेला फार्मर या ब्रिटिश योगशिक्षिकेने जर्मनीत शिकवताना गालिच्याखालचे न घसरणारे अस्तर पायाखाली घेतले, आणि पुढे तिच्या वडिलांनी ते विकायला सुरुवात केली. म्हणजे घसरू नये म्हणून सतरंजीच्या जागी मॅट आली, मॅट जपायला पिशवी आली, आणि पिशवी मळू नये म्हणून आणखी काहीतरी येईल. ही साखळी कुठेतरी तोडलीच पाहिजे, असे कोणी म्हटले तर त्यात चूक काय?

चूक नाही. मात्र त्या जुन्या आसनाच्या वर्णनातले ‘धुतलेले’ वस्त्र विसरून चालणार नाही. सतरंजी झटकता येत होती, उन्हात टाकता येत होती, महिन्यातून एकदा नदीवर किंवा मोरीत धुऊन निघत होती. आजची मॅट तशी धुता येत नाही. पीव्हीसीची मॅट बादलीत बुडवली तर दोन-तीन दिवस वाळत नाही. नैसर्गिक रबराची मॅट कडक उन्हात ठेवली तर तिला भेगा पडतात, तेलकट हात लागून ती चिकट होते. ईव्हीए फोमची मॅट तापलेल्या डिकीत राहिली तर आकसते आणि कडा वर वळतात. सामान वाढले आणि ते स्वच्छ करण्याची जुनी सोय मात्र गेली. म्हणून ‘पूर्वी कुठे लागत होते’ एवढ्यावर हा वाद मिटत नाही.

आता लोडाकडे वळू. पुण्यात हा विषय काढला की बी. के. एस. अय्यंगार यांचे नाव येतेच. १९३७ मध्ये ते पुण्यात आले ते कायमचे. पत्नीच्या स्मरणार्थ उभारलेली रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था शिवाजीनगरात १९ जानेवारी १९७५ रोजी सुरू झाली. आजारी, वयस्कर, ताठर शरीराच्या माणसालाही आसन करता यावे म्हणून त्यांनी लोड, लाकडी विटा, पट्टे, भिंतीतले दोर, घडीच्या खुर्च्या वापरायला शिकवले, आणि ती पद्धत जगभर गेली. दिघीतल्या एखाद्या हॉलमध्ये कोपऱ्यात रचलेले लोड दिसतात, त्यांचे मूळ तिथे आहे.

हे लोड वापरतो कोण? गुडघे धरलेले आजोबा, कंबरेच्या दुखण्याने हैराण झालेली बाई, दुसऱ्या पाळीहून मान अवघडून आलेला कामगार. आणि वापरतात कसे? त्यावर पाठ टाकून, डोके टेकून, कधी गाल लावून, एकेका आसनात पाच-दहा मिनिटे. लोडाचे एक टोक जवळून पाहावे. शिवणीलगत केसांच्या तेलाचा तपकिरी पट्टा उमटलेला असतो, चेन असलेल्या बाजूला कापड आतल्या कापसाला चिकटलेले असते, आणि हात फिरवला तर मधला भाग किंचित ताठ लागतो. तो वाळलेला घाम. मॅटला आपले तळवे आणि पावले लागतात, तीही बहुधा स्वतःचीच. लोडाला मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत अनेकांचे चेहरे लागतात. कापूस आत शिरलेला ओलावा सहज सोडत नाही, आणि चार-पाच किलोचा लोड कोणी धूत नाही. म्हणून खोळीसाठी पैसे काढायचेच असतील तर ते आधी इथे लागले पाहिजेत.

यात भीती घालण्याचा हेतू नाही, पण त्वचेचे डॉक्टर जे सांगत आहेत ते कानाआड करता येत नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्याकडे गजकर्ण वाढले आहे आणि चिवट झाले आहे. त्यामागच्या एका बुरशीला २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ हे वेगळे नावही मिळाले. टर्बिनाफिनसारख्या नेहमीच्या औषधाला ती पुष्कळदा दाद देत नाही. हा संसर्ग त्वचेच्या थेट स्पर्शाने तर पसरतोच, शिवाय एकमेकांचे टॉवेल, कपडे, अंथरूण वापरल्यानेही पसरतो. लोडाचा अभ्रा त्या अंथरुणातच जमा धरला पाहिजे. ६० अंशांच्या पाण्यात धुतल्यावर असे कापड खात्रीने स्वच्छ होते, थंड पाण्यात नुसते खळबळून तसे होत नाही. तेव्हा अभ्रा निघणारा हवा, गरम पाणी सोसणारा हवा, आणि प्रत्येक लोडाला दोन हवेत, म्हणजे एक दोरीवर असताना दुसरा लोडावर राहील. हे तिन्ही जुळत नसेल तर अभ्रा असूनही उपयोग नाही. रेक्झिनचा अभ्रा पुसायला सोपा म्हणून काही ठिकाणी घालतात. दवाखान्याच्या टेबलावर, प्रत्येक माणसामागे पुसला जात असेल तर तो ठीकच. पण वर्गात दर आसनामागे कोण पुसणार? शिवाय पाठीखाली रेक्झिन घामाने चिकटते आणि माणूस घसरतो. आसनात आधारच घसरला तर तो आधार कसला?

मॅटच्या पिशवीचा प्रश्न त्यामानाने लहान, पण त्यात दिघीचा स्वतःचा एक मुद्दा आहे. आळंदी रस्त्याची धूळ, बांधकामांचे सिमेंट, अवजड गाड्यांचा धूर, यांतून दुचाकीच्या हुकाला आडवी लटकवलेली उघडी मॅट घरापासून हॉलपर्यंत जाते. तिला वाटेपुरते आवरण हवे, हे मान्य करावेच लागेल. वाद आहे तो आवरण कशाचे याचा. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक पिशव्या पॉलिएस्टरच्या किंवा रेक्झिनच्या, गच्च चेनच्या. पाण्यापासून त्या उत्तम वाचवतात आणि आतला घामही तितक्याच उत्तम कोंडून ठेवतात. जून ते सप्टेंबर हा कोंडलेला ओलावा म्हणजे बुरशीला आयते घर. आळंदीला पखवाज शिकणारी मुले वाद्याला कापडी गवसणी घालतात, पाऊस आला तर वरून प्लास्टिक गुंडाळतात, आणि मुक्कामी पोचताच आधी ते प्लास्टिक काढतात. शाई आणि पुडी दमट राहिली तर पखवाज बोलत नाही, हे त्यांना गुरूने पहिल्या पावसाळ्यातच शिकवलेले असते. मॅटलाही तीच रीत लागू पडते.

अशी खोळ शिवायला फार काही लागत नाही. नेहमीची मॅट सुमारे ६१ सेंटिमीटर रुंद आणि १८० लांब असते. सहा मिलिमीटर जाडीची घट्ट गुंडाळली की वळकटीचा घेर ३८ सेंटिमीटरच्या आसपास भरतो. खोळ त्याहून चार-पाच बोटे सैल ठेवावी, म्हणजे घालता-काढता येते आणि हवाही खेळते. अर्धा-पाऊण मीटर मांजरपाट, एक नाडी, खांद्याला पट्टा, आणि तळाला जाळीचा एक गोल तुकडा. भोसरीच्या आसपास रिक्षाचे हूड आणि गाड्यांची सीट कव्हरे शिवणारे कारागीर आहेत, घरोघरी शिलाई करणाऱ्या बचत गटांतल्या बायका आहेत, आणि त्यांच्या मालासाठी महापालिकेची पवनाथडी जत्राही भरते. त्यांच्याकडून शिवून घेतलेली खोळ फाटली तर त्यांच्याकडेच दुरुस्त होते. बाहेरून मागवलेल्या पिशवीची चेन गेली की सगळी पिशवीच जाते.

आणि जाते कुठे, तर मोशीला. पिंपरी-चिंचवड शहराचा कचरा मोशीच्या डेपोत जातो. तिथे कचऱ्यापासून वीज तयार करण्याचा प्रकल्प १ ऑगस्ट २०२३ रोजी सुरू झाला. प्रकल्प हवाच होता. पण पीव्हीसी जळते तेव्हा हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू निघतो, आणि ज्वलनाचे तापमान नीट सांभाळले नाही तर डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्येही तयार होऊ शकतात. त्यांना अडवायला धूर स्वच्छ करणारी यंत्रणा सतत चोख चालावी लागते. रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेला प्लास्टिकचा थर. दोन्ही एकमेकांपासून सुटत नाहीत, म्हणून भंगारवालाही ते घेत नाही. आपल्याच शेजारच्या गावाच्या हवेत जे जाणार आहे ते विकत घेताना दोनदा विचार करणे हा काही फार मोठा त्याग नव्हे. योगदिनाला वाटल्या जाणाऱ्या, कापडासारख्या दिसणाऱ्या पॉलिप्रॉपिलिनच्या पिशव्या तर त्याहून निरर्थक. राज्याने २०१८ च्या प्लास्टिकबंदीत त्यांचाही समावेश केला होता.

पसरलेल्या मॅटवर घालायच्या कापडाबद्दल मात्र आम्ही ठाम नाही. ज्यांना फार घाम येतो, किंवा ज्यांना हॉलची सामाईक मॅट वापरावी लागते, त्यांना ते उपयोगी आहे. सोलापुरी टॉवेल हे काम चांगले करतो, घाम पितो आणि रोज धुता येतो. पण उभ्या आसनांत, विशेषतः वीरभद्रासनात पाय फाकताना, टॉवेल मॅटवरून सरकतो. गुडघा किंवा कंबर आधीच दुखावलेल्या माणसाला तो धोका घेऊ नये असेच सांगावे लागेल. बसून करायच्या आसनांना, शवासनाला आणि प्राणायामाला मात्र टॉवेल खुशाल घ्यावा. लाकडी विटांना आणि पट्ट्यांना खोळ लागत नाही. वीट ओलसर फडक्याने पुसावी, सुती पट्टा कपड्यांबरोबर धुवावा.

एक गोष्ट उरते, आणि ती सर्वांत अवघड आहे. हे अभ्रे धुणार कोण? बहुतेक वर्गांत या प्रश्नाचे उत्तर न विचारताच ठरते. शिकवणाऱ्या बाई शनिवारी गठ्ठा घरी नेतात, किंवा हॉल झाडणाऱ्या मावशींच्या कामात तो चढवला जातो, पगार मात्र वाढत नाही. असे होणार असेल तर विरोधकांचे म्हणणे आम्हाला जास्त पटेल. स्वच्छता चाळीस जणांची आणि श्रम एकीचे, ही व्यवस्था योगवर्गाला शोभत नाही. यावर एक उपाय सोपा आहे. ज्याने त्याने घरून स्वतःची एक जुनी, धुतलेली चादर आणावी, लोडावर घालावी आणि परत न्यावी. खर्च शून्य. पण वयस्कर माणसे विसरतात आणि नवी माणसे संकोचतात, म्हणून हॉलमध्ये अभ्र्यांचा दुसरा संच लागेलच, आणि त्याच्या धुलाईचे पैसे दरमहा वर्गणीतूनच गेले पाहिजेत, इस्त्रीवाल्याला देतो तसे रोख आणि वेळेवर.

येत्या जूनसाठी नाव छापलेल्या पिशव्यांचा विचार ज्या मंडळांनी चालवला असेल, त्यांनी तो रद्द करावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. त्या पैशात लोडांचे दुसरे अभ्रे होतील, हॉलच्या मागच्या बाजूला, वारा लागेल पण पाऊस नाही अशा जागी, मॅट आडव्या टाकायला दोन बांबू बसतील, आणि पहिल्या तीन महिन्यांची धुलाई भागेल. पैसे त्यानंतरही उरले तर मांजरपाट घ्यावा.