पशुपतिनाथाच्या वाटेवर कागद कशाला?

कार्तिकात घरोघरी तुळशीची लग्ने लागतात. बाळकृष्ण वा शाळिग्राम पाटावर बसतो, अंतरपाट धरला जातो, मंगलाष्टके होतात. हा शाळिग्राम येतो कोठून, असा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. तो येतो नेपाळमधील काली गंडकीच्या पात्रातून, मुक्तिनाथाच्या परिसरातून. मेहकरच्या शार्ङ्गधर बालाजीसमोर हात जोडणाऱ्या माणसाला मुक्तिनाथाचे नाव परके वाटत नाही, ते यामुळेच. सोयाबीन घरात आले, कपाशीच्या वेचणीला जरा उसंत मिळाली की बुलढाणा जिल्ह्यातील चार कुटुंबे एकत्र येऊन यात्रेचा बेत करतात. अयोध्या, काशी, गोरखपूर, आणि तेथून पुढे पशुपतिनाथ. बेत करताना एक वाक्य हमखास उच्चारले जाते : ‘नेपाळला काय, व्हिसा लागत नाही, आपलेच आहे ते.’

या वाक्याचा पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्धही एका अर्थी खराच आहे. मात्र दोन्ही जोडून जो निष्कर्ष काढला जातो, म्हणजे कागदपत्रांची काळजी नको, तो साफ चुकीचा आहे आणि त्याची किंमत बहुधा घरातील वडीलधाऱ्यांना मोजावी लागते.

नेपाळ ‘आपले’ कसे, हे महाराष्ट्राला वेगळे सांगण्याचे कारण नाही. मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ आणि निवृत्तिनाथ अशी जी परंपरा ज्ञानेश्वरांपर्यंत येते, तिच्या पहिल्या दोन नावांचा नेपाळमध्ये आजही जागर होतो. काठमांडूजवळच्या पाटण शहरात मत्स्येंद्रनाथाचा रथ दर वर्षी ओढला जातो. गोरखा हे नावच गोरक्षनाथाचे, आणि तेथील शाह राजांच्या नाण्यांवर त्याचेच नाव कोरलेले असे. १८५७च्या समरात पराभव दिसू लागल्यावर नानासाहेब पेशवे आणि बेगम हजरत महल यांनी १८५९च्या सुमारास याच सीमेपलीकडे आसरा शोधला. पेशवे कुटुंबातील स्त्रियांना जंगबहादूर राणाने काठमांडूत राहू दिले. (याच जंगबहादुराने लखनौला इंग्रजांच्या मदतीसाठी फौजही नेली होती, हेही विसरू नये. राजकारण भावनेवर चालत नाही.)

या जुन्या नात्याला कायद्याची चौकट मिळाली ती ३१ जुलै १९५० रोजी झालेल्या शांतता व मैत्री करारात. त्याच्या सातव्या कलमाने दोन्ही देशांनी एकमेकांच्या नागरिकांना निवास, मालमत्ता, व्यापार आणि संचार यांबाबत समान सवलती देण्याचे मान्य केले. उत्तराखंडपासून सिक्कीमपर्यंत पाच राज्यांना लागून असलेली साडेसतराशे किलोमीटरहून अधिक लांबीची ही सीमा आज खुली आहे, ती या विश्वासावर. जगात अशा सीमा फार थोड्या आहेत.

पण विश्वासाचा गैरफायदा घेणाऱ्यांनाही ही सीमा ठाऊक आहे. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे आयसी-८१४ विमान पळवण्यात आले. कंदाहारच्या धावपट्टीवर राष्ट्राला जी मानहानी सोसावी लागली आणि मसूद अझहरसह तीन अतिरेकी ज्या रीतीने सोडावे लागले, ती जखम आजही ओली आहे. त्यानंतरच दोन्ही देशांदरम्यानच्या विमानप्रवासाला ओळखपत्राची सक्ती झाली. २००१पासून या सीमेची राखण सशस्त्र सीमा बलाकडे देण्यात आली. २०१३मध्ये इंडियन मुजाहिदीनचा यासिन भटकळ पकडला गेला तोही भारत-नेपाळ सीमेवरच. ओळखपत्र मागणारा जवान किंवा अधिकारी हा यात्रेकरूचा शत्रू नसतो. तो कोणाला शोधत असतो हे समजून घेतले पाहिजे.

आता प्रत्यक्ष नियम पाहू. विमानाने नेपाळला जाणाऱ्या भारतीयाकडे वैध पारपत्र किंवा भारत निर्वाचन आयोगाचे मतदार ओळखपत्र, या दोहोंपैकी एक असलेच पाहिजे. आधार कार्ड सर्वांना चालत नाही. ते चालते फक्त १५ वर्षांखालील मुलांना आणि ६५ वर्षांवरील ज्येष्ठांना, आणि त्यांच्यासाठीही ही सोय २०१९ साली झाली. मधल्या वयाच्या माणसाने विमानतळावर आधार पुढे केले तर ते परत हाती दिले जाते.

सारा घोळ होतो तो येथे. मोबाइलचे सिम घ्यायला आधार, बँकेत आधार, पीकविम्याला आधार, शेगावच्या भक्तनिवासात खोली घ्यायलाही ओळख म्हणून पुढे येते ते आधारच. मग माणूस सहजच समजतो की आधार म्हणजे सर्व काही. समजा, पती ६७ वर्षांचे आणि पत्नी ६१ वर्षांची आहे. दोघांजवळ केवळ आधार आहे. पतीला विमानात प्रवेश मिळेल, पत्नीला मिळणार नाही. आयुष्यभराची पुंजी मोडून काढलेली यात्रा अशा वेळी विमानतळाच्या काचेपाशी थांबते. नियम वाचला असता तर मार्ग होता. पती-पत्नी, अज्ञान मुले आणि आई-वडील असे कुटुंब एकत्र प्रवास करत असेल, तर त्यातील एका प्रौढाजवळ पारपत्र किंवा मतदार ओळखपत्र असले तरी पुरते. इतरांनी छायाचित्र असलेला ओळखीचा पुरावा आणि नात्याचा पुरावा दाखवायचा असतो. नात्याच्या पुराव्यासाठी शिधापत्रिका चालते. मात्र एका कागदावर माहेरचे नाव, दुसऱ्यावर सासरचे, तिसऱ्यावर आडनाव आधी आणि नाव नंतर, ही आपल्या घरांतील नेहमीची अवस्था असते. ती दुरुस्त करायची तर तहसीलच्या फेऱ्या यात्रेच्या तीन महिने आधी कराव्या लागतात, आदल्या आठवड्यात नव्हे.

आधारला हा नकार का, असे चिडून विचारले जाते. ‘आपल्याच देवाला जायचे तर ओळख कसली?’ असा प्रश्न करणाऱ्यांत राष्ट्रीय विचारांचे लोकही असतात, हे नवल आहे. आधार हा रहिवासाचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नव्हे. भारतात कायदेशीर वास्तव्य करणाऱ्या परदेशी माणसालाही तो मिळू शकतो. मतदार ओळखपत्र आणि पारपत्र मात्र नागरिकालाच मिळते. घुसखोरीविरुद्ध वर्षानुवर्षे आवाज उठवणाऱ्या, नागरिक आणि रहिवासी यांतला भेद समाजाला समजावून सांगणाऱ्या कार्यकर्त्याने स्वतःच्या यात्रेपुरता तो भेद गैरसोयीचा मानावा, हे तर्काला धरून नाही. बांगलादेशी घुसखोराच्या हातात खोटे आधार सापडले की आपण संतापतो. तोच संताप विमानतळावर उलट दिशेने कसा वळतो?

खुश्कीच्या मार्गाचा प्रकार थोडा निराळा. भुसावळहून रेल्वेने गोरखपूर, तेथून शंभरेक किलोमीटरवर सोनौली, आणि पायी कमान ओलांडली की नेपाळ. येथे व्हिसाही नाही आणि पारपत्रही नाही; पण जवानाने विचारले तर ओळखपत्र दाखवावे लागते, आणि तणावाच्या दिवसांत तो विचारतोच. आपली गाडी घेऊन जाणाऱ्यांना नेपाळी जकात कार्यालयात, ज्याला तेथे ‘भन्सार’ म्हणतात, गाडीची नोंद करून शुल्क भरावे लागते. ती पावती हरवली तर परतताना दंडाची वेळ येते. मुक्तिनाथाला जाणाऱ्याला अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचे प्रवेशपत्र काढावे लागते. सार्क देशांच्या नागरिकांना ते सवलतीत मिळते, पण काढावे लागतेच. शंभर भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये हा दर १९९३पासून स्थिर आहे. नोटांचे मात्र तसे नाही. शंभराहून मोठ्या भारतीय नोटांवर नेपाळने डिसेंबर २०१८मध्ये बंदी घातली होती आणि या बाबतीतले नियम नंतरही बदलत आले आहेत. निघण्यापूर्वी बँकेत चौकशी करावी हे उत्तम.

आणखी एक गफलत. नेपाळमार्गे कैलास-मानसरोवराला जाणाऱ्यांना वाटते की नेपाळपर्यंत मतदार ओळखपत्र चालते, मग पुढचे पुढे. पुढे चीनच्या ताब्यातील तिबेट आहे. तेथे पारपत्र आणि चीनचा व्हिसा दोन्ही लागतात, आणि ते नसेल तर कैलासपती कितीही जवळ असला तरी सीमेवरूनच नमस्कार करून परतावे लागते. तिबेट गिळंकृत होऊ दिल्याची ही एक छोटीशी, रोजची शिक्षा आहे. थायलंड, मलेशियासारखे देश भारतीयांना व्हिसामाफी देतात तेव्हाही पारपत्र लागतेच, आणि त्याची मुदत सहसा सहा महिने तरी शिल्लक असावी लागते.

कागदांचा विषय केवळ सीमा ओलांडण्यापुरता नाही. २३ ऑगस्ट २०२४ रोजी पोखऱ्याहून काठमांडूकडे निघालेली यात्रेकरूंची बस तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली. त्यातले बहुतेक यात्रेकरू बुलढाण्याला लागूनच असलेल्या जळगाव जिल्ह्यातील, वरणगाव-भुसावळ परिसरातील होते. पंचवीसहून अधिक जण गेले. वायुदलाच्या विमानाने पार्थिव महाराष्ट्रात आणावी लागली. मलकापूर-नांदुऱ्याकडे त्या दिवशी किती घरांत चुली पेटल्या नसतील, सोयरीकच इतकी जवळची आहे. परक्या देशात, मध्यरात्री, कोण कोणाचा हे ठरवताना खिशातला एक कागद आणि त्यावर लिहिलेला गावाकडचा एक दूरध्वनी क्रमांक यांना केवढे मोल येते, हे त्या घरांना विचारावे. सप्टेंबर २०२५मध्ये काठमांडूत तरुणांचे आंदोलन भडकले, संसद भवन जाळले गेले, विमानतळ बंद पडला, तेव्हाही भारतीय पर्यटक आणि यात्रेकरू अडकून पडले. अशा वेळी दूतावास मदत करतोच. पण त्याने नागरिक ओळखायचा कशावरून? पारपत्र वा ओळखपत्र हरवलेल्याला दूतावास परतीसाठी प्रमाणपत्र देतो, तेही ओळख पटल्यानंतरच.

दिल्लीत काहींना या सीमेवर कुंपण आणि व्हिसा हवा आहे. काठमांडूतही १९५०चा करार मोडीत काढा म्हणणारे कमी नाहीत, आणि त्यांच्या पाठीमागे कोणाचा हात असतो हे सर्वज्ञात आहे. दोन्ही मागण्या घातक आहेत. नेपाळची हिंदू राष्ट्र ही ओळख २००६ साली तेथील संसदेने पुसली, २००८ साली राजेशाहीही गेली. याची खंत भारतातील हिंदूंना आहे आणि राहील. तरी निर्णय नेपाळी जनतेचा आहे. २०१५च्या भूकंपात भारत सर्वांआधी धावून गेला. त्याच वर्षीच्या नाकेबंदीने ती पुण्याई बरीचशी खर्ची पडली. नातेसंबंधांचा फेरविचार करण्यासाठी नेमलेल्या दोन्ही देशांच्या प्रख्यात व्यक्तींच्या गटाने २०१८मध्ये अहवाल सिद्ध केला. भारतीय बाजूचे प्रमुख होते भगतसिंह कोश्यारी, जे पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. तो अहवाल अद्याप औपचारिकपणे स्वीकारलाच गेलेला नाही. मित्राने लिहिलेले पत्र फोडायचेही नाही, हे शोभत नाही.

सीमा खुली ठेवायची असेल तर ती ओलांडणारा प्रत्येक जण ओळखीचा असला पाहिजे. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये धर्म विचारून ज्यांना मारले त्यांत एक नेपाळी तरुणही होता. तोही भारतात व्हिसाशिवायच आला होता. खुल्या सीमेचा लाभ आणि त्यातली जोखीम दोन्हीकडची आहे.

परराष्ट्र खात्याने हे नियम मराठीत छापून तहसील कार्यालयांत, एसटी स्थानकांवर आणि शेगावसारख्या देवस्थानांत लावावेत, ही मागणी लोकप्रतिनिधींनी करायला हरकत नाही. पण तोवर यात्रा नेणाऱ्यांनी आपले काम करावे. पैसे घेण्याच्या दिवशीच प्रत्येकाचे ओळखपत्र पाहावे, वय लिहून घ्यावे, नावांची जुळणी करावी. घरात १५ ते १८ वर्षांचा मुलगा वा मुलगी असेल तर विमानप्रवासासाठी शाळेच्या मुख्याध्यापकांचे विहित नमुन्यातील ओळख-प्रमाणपत्र लागते. बहुतेक यात्रा दिवाळीच्या सुटीत निघतात आणि तेव्हा शाळेला कुलूप असते. ते प्रमाणपत्र सहामाही परीक्षा सुरू असतानाच मागून घ्यावे.